वहिनींच्या खोलीतली दुसरी लाइन

रात्री दीड वाजता वहिनींनी माझ्या खोलीचं दार वाजवलं. "भाऊजी, नेट गेलंय. बोडेलीहून सीटी येत होतं, निम्मंच आलंय."

आमचं घर वडोदऱ्यात, दांडिया बाजारात. वहिनी रेडिऑलॉजिस्ट आहेत. दिवसा हॉस्पिटल, आणि आठवड्यातल्या चार रात्री घरून काम. डभोई, बोडेली, छोटा उदेपूर अशा ठिकाणच्या छोट्या हॉस्पिटलांत सीटीचं मशीन असतं, टेक्निशियन असतो, पण रात्री फिल्म वाचायला रेडिऑलॉजिस्ट नसतो. ते काम वहिनी आमच्या माडीवरच्या खोलीत बसून करतात. मी मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कंपनीचं नेटवर्क सांभाळतो, त्यामुळे घरचं नेट गेलं की माझंच दार वाजतं.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीची ही गोष्ट. पेशंटचा उजवा हात उचलला जात नव्हता, बोलणं जड झालं होतं. मेंदूत गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झालाय, हे सीटी बघितल्याशिवाय सांगता येत नाही. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि रक्तस्राव असताना तेच इंजेक्शन दिलं तर माणूस हातचा जातो. घरच्यांनी त्याला गावाहून बोडेलीला आणेपर्यंतच दोन तास गेलेले.

डोक्याच्या सीटीचा एक स्लाइस ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा, साधारण अर्ध्या एमबीचा. पातळ स्लाइस दोनशे धरले तरी शंभर एमबी होतात. चांगल्या फायबरवर हे मिनिटाच्या आत उतरतं. त्या रात्री वहिनींनी मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेल्या, एका कोपऱ्यात रेंज धरून उभ्या राहिल्या आणि लॅपटॉपच्या पडद्यावर स्लाइस बघून फोनवर रिपोर्ट सांगितला. यात पस्तीस मिनिटं गेली. रक्तस्राव नव्हता. इंजेक्शन वेळेत गेलं.

मी मात्र खाली फायरवॉलसमोर, म्हणजे घरातलं सगळं नेट ज्या पेटीतून जातं-येतं तिच्यासमोर, बसलो होतो आणि मला काही सुधरत नव्हतं. कारण घरात दुसरी लाइन होती. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन फायबर कनेक्शनं मी स्वतः घेतली होती, चार पोर्टांच्या छोट्या पीसीवर पीएफसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर टाकून दोन्ही त्यात जोडली होती, एक गेली तर दुसरीवर जायचं असं लावून ठेवलं होतं. आणि पडद्यावर दोन्ही लाइन हिरव्या दिसत होत्या. दोन्ही 'ऑनलाइन'. शेवटी पहिली लाइन हाताने बंद केली तेव्हा गाडी दुसरीवर आली. तोवर दोन वाजून गेले होते.

सकाळी शांतपणे बघितल्यावर कळलं की फायरवॉल खोटं सांगत नव्हती. तिला विचारलेल्या प्रश्नाचं ती बरोबर उत्तर देत होती, प्रश्नच चुकीचा होता. पीएफसेन्स प्रत्येक लाइन जिवंत आहे का हे पिंग करून, म्हणजे इवलासा निरोप पाठवून उत्तर येतं का यावरून, बघते, आणि आपण काही सांगितलं नाही तर त्या लाइनचा गेटवे, म्हणजे बाहेर जायचं पहिलं दार, जो असेल त्यालाच पिंग करते. आमच्याकडे पहिल्या लाइनचा गेटवे म्हणजे कंपनीने भिंतीवर लावून दिलेला फायबरचा डबा, १९२.१६८.१.१. तो फायरवॉलपासून दोन हातांवर आहे आणि इन्व्हर्टरवर चालतो. बाहेर गल्लीत केबल तुटली तरी हा डबा पिंगला इमानेइतबारे उत्तर देणारच. बाहेर पाऊस आहे का, हे घरात बसलेल्या माणसाला विचारल्यासारखं झालं हे.

मग मी टेस्ट केली होती ती काय? तर डब्यातून फायरवॉलकडे येणारी लॅनची वायर उपटली होती. वायर उपटली की पोर्टच मरतो, फायरवॉलला त्याच क्षणी कळतं आणि ती दुसरीकडे वळते. मी दादाला बोलावून दाखवलंही होतं. पण ही टेस्ट नेहमीच पास होते, आणि खऱ्या आयुष्यात कोणी आपल्या घरात येऊन ती वायर उपटत नाही. तुटतं ते बाहेर. बॅकअप लाइन लावणाऱ्या प्रत्येकाला मला हे कळकळीने सांगायचंय, कारण मी अनेक ऑफिसांत हाच प्रकार बघितलाय: दोन लाइनचं बिल भरतात, लॅनची वायर काढून टेस्ट करतात, आणि ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी फायरवॉल हिरवीगार असते.

खरी टेस्ट डब्याच्या पाठीमागे आहे. तिथे एक हिरव्या टोपीचा बारका कनेक्टर असतो. तो हिरवा असतो कारण त्याचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, परत फिरणारा प्रकाश काचेत पुन्हा शिरू नये म्हणून. तो अंगठा आणि तर्जनीत धरून सरळ मागे ओढायचा. टोक कुठे टेकवायचं नाही, लगेच टोपण घालायचं, आणि त्यात डोळा घालून बघायचं तर मुळीच नाही. आत येणारा लेझर १४९० नॅनोमीटरचा असतो, डोळ्याला दिसत नाही पण डोळ्यात जातो. कनेक्टर निघाला की 'पॉन'चा (फायबर जोडलेलं आहे सांगणारा) दिवा विझतो आणि 'लॉस'चा (सिग्नल गेला सांगणारा) दिवा लाल लुकलुकायला लागतो. केबल तुटली की नेमकं हेच होतं.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. फायरवॉलच्या मेनूत सिस्टिम, राउटिंग, गेटवेज इथे प्रत्येक लाइनपुढे 'मॉनिटर आयपी' असा रकाना आहे. त्यात घराबाहेरचा, इंटरनेटवरचा पत्ता घालायचा, आणि दोन लाइनना दोन वेगळे. पहिलीला मी ८.८.८.८ दिला, दुसरीला १.१.१.१. गेटवे ग्रुपमध्ये पहिली टियर १ (आधी वापरायची), दुसरी टियर २ (ती गेल्यावर), आणि घराचा डिफॉल्ट गेटवे म्हणून तो ग्रुप निवडायचा. हे शेवटचं विसरलं तर ग्रुप नुसता यादीत बसून राहतो. मूळ सेटिंगमध्ये फायरवॉल दर अर्ध्या सेकंदाला एक पिंग पाठवते, शेवटच्या ६० सेकंदांची सरासरी बघते, आणि २० टक्के पिंग हरवले की लाइन मेली असं ठरवते. म्हणजे लाइन पूर्ण तुटली तर साधारण १२ ते १५ सेकंदांत. मी हे आकडे कमी करायच्या भानगडीत पडलो नाही. फार घाई लावली तर पावसात दोन-चार पिंग हरवले तरी ती उड्या मारत बसते, आणि प्रत्येक उडीला चालू डाउनलोड तुटतं.

आता हिरवा कनेक्टर काढला. तेरा सेकंदांत पहिली लाइन लाल, दुसरी पुढे आली. मी वहिनींना वर ओरडून विचारलं, "चालतंय का?" त्या म्हणाल्या, "नाही."

पिंग जात होता, पण एकही साइट उघडत नव्हती. मोबाइलवर सगळं चालू आणि वहिनींच्याच मशीनवर बंद. हे शोधायला मला अख्खी दुपार लागली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वहिनींचं मशीन बसवून देणाऱ्या माणसाने त्यात डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर, हाताने घातला होता: ८.८.८.८. आणि तोच पत्ता मी पहिल्या लाइनचा मॉनिटर आयपी केला होता. मॉनिटर आयपी दिला की फायरवॉल त्या पत्त्याची वाट त्या एका लाइनला खिळ्याने ठोकते. तसं तिला करावंच लागतं, नाहीतर पहिली लाइन मेल्यावर पिंग दुसरीवरून जाऊन परत येईल आणि पहिली बरी झाली असं तिला वाटेल. परिणाम असा की बाकी सगळी वाहतूक दुसऱ्या लाइनवर आली, पण ८.८.८.८ कडे जाणारी प्रत्येक गोष्ट तुटलेल्या केबलकडेच जात राहिली. नाव विचारायला गेलेला निरोप परतच येत नव्हता. मोबाइल फायरवॉललाच नाव विचारत होते, म्हणून ते बिनघोर चालले.

मशीनचा डीएनएस काढून फायरवॉलचा पत्ता घातला. फायरवॉलमधला नावं शोधणारा रिझॉल्व्हर कोणा एका सर्व्हरवर अवलंबून नसतो, मूळ सर्व्हरपासून विचारत येतो, त्यामुळे तो कोणत्याही लाइनवरून काम करतो. आणि खबरदारी म्हणून मॉनिटरचा पत्ताही बदलला, घरात कोणी डीएनएस म्हणून वापरत नाही असा घेतला.

एक गोष्ट वहिनींना आधीच सांगून ठेवली: लाइन बदलताना जे चालू आहे ते तुटणारच. बाहेरच्या जगाला आपला पत्ता बदललेला दिसतो, त्यामुळे निम्मं उतरलेलं सीटी पुन्हा मागवावं लागतं. मेलेल्या लाइनवरचे जुने स्टेट, म्हणजे चालू जोडण्यांच्या नोंदी, मारून टाकायचा एक पर्याय आहे, तो चालू केला. नाहीतर प्रोग्राम बराच वेळ जुन्याच वाटेकडे डोळे लावून बसतात. वहिनी म्हणाल्या, "पुन्हा मागवायला मिनिट लागतं. मला फक्त बंद पडून राहायला नको."

दोन महिने सुरळीत गेले. मग गणपती आले.

वडोदऱ्याचे गणपती ज्यांनी बघितलेत त्यांना आगमनाच्या मिरवणुकी ठाऊक असतील. चतुर्थीच्या आधीच्या रविवारी रात्री आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोठी मूर्ती आली, ट्रॅक्टरवर. पुढे दोन पोरं लांब बांबूंना आडवी पट्टी बांधून वायरी वर उचलत होती आणि मूर्ती खालून हळूहळू सरकत होती. फार जपून करत होती ती. पण दोन खांबांमध्ये वायर उचलली की ताण भलत्याच जागी बसतो. खाली फायरवॉलशेजारी एकदम दोन लाल दिवे लागले. दोन्ही डबे, दोन्ही कंपन्या, एकाच सेकंदाला.

सकाळी फायबरवाला आला, शिडी लावून वर चढला आणि तिथूनच म्हणाला, "बन्ने केबल एक ज थांभले छे, साहेब." खांब एक, वळसा एक, आणि आमच्या खिडकीच्या चौकटीतलं भोकसुद्धा एकच. मी दोन बिलं भरत होतो, पण रस्ता एकच विकत घेतला होता. दुसरी कंपनी घेताना मी तिचा स्पीड विचारला होता, भाव विचारला होता. तुमची केबल आमच्या घरापर्यंत कुठून येते, हे विचारलं नव्हतं.

त्याचं काम मी जवळ बसून बघितलं. काळी चपटी केबल, दोन्ही कडांना आधाराची तार, मध्ये काच. त्याने नखाने केबल चिरली, हत्याराने वरचा थर सोलला, स्पिरिटच्या कापसाने पुसली. उरली ती १२५ मायक्रॉनची काच, केसाएवढी. क्लीव्हरवर ठेवून टक् करून सरळ कापली आणि छोट्या फ्यूजन मशीनमध्ये दोन्ही टोकं समोरासमोर ठेवली. मशीनच्या पडद्यावर ती दोन जाड नळकांड्यांसारखी दिसतात. मशीन त्यांना स्वतःच वरखाली करून एका रेषेत आणतं, मग एक ठिणगी, आणि मधली फट नाहीशी होते. वर बाही चढवून गरम केली, झालं. लाल दिवा विझला. वहिनी शेजारी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "शिरेला शीर जोडतात तसंच आहे की हो हे." अण्णांनी त्याला चहा दिल्याशिवाय सोडलं नाही.

दुसऱ्या कंपनीला मी विचारलं की मागच्या बोळातून केबल आणता का. जमणार नाही म्हणाले. मग ते कनेक्शन बंद करून त्या पैशांत फोर-जी राउटर घेतला. सिम निवडताना एकच अट ठेवली: फायबर ज्या कंपनीचं, सिम तिचं नको. टॉवरसुद्धा शेवटी कुठल्यातरी फायबरवरच उभा असतो, आणि एकाच कंपनीचं दोन्ही घेतलं तर पुढे कुठेतरी पुन्हा एकच खांब निघू शकतो.

राउटर आधी खाली कपाटात फायरवॉलशेजारी ठेवला होता, तिथे सिग्नल उणे ११२ डीबीएम. माडीवरच्या पूर्वेच्या खिडकीत नेला तर उणे ८८. हा आकडा शून्याकडे जितका सरकेल तितका चांगला, आणि एवढ्या फरकात स्पीड कुठल्या कुठे जातो. वीस मीटर लॅन केबल ओढावी लागली, पण राउटर तिथेच ठेवला. त्याचाही पत्ता कारखान्यातून १९२.१६८.१.१ च होता, फायबरच्या डब्याचाही तोच. दोन वाटांना एकच नाव असलं की फायरवॉल गोंधळते, म्हणून आधी राउटरचं नेटवर्क बदलून घेतलं. पिंगचा वेगही सिमवर कमी केला. दर अर्ध्या सेकंदाचा पिंग इवलासा असतो, पण जाऊन-येऊन महिन्याचा हिशेब केला तर ३०० एमबीच्या आसपास जातो. थेंबे थेंबे तळे साचतं तसं ते रितंही होतं. दर पाच सेकंदांना एक पुरतो.

एक हॉस्पिटल सीटी थेट आमच्या स्टॅटिक आयपीवर, म्हणजे न बदलणाऱ्या पत्त्यावर, पाठवायचं, ते सिमवर बंद पडलं. मोबाइल कंपनी शेकडो लोकांना एका बाहेरच्या पत्त्यामागे ठेवते, आपल्याला मिळतो तो आतला पत्ता, आणि बाहेरून आपल्यापर्यंत कोणी पोचू शकत नाही. म्हणून एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. घरातली फायरवॉल वायरगार्ड नावाच्या व्हीपीएनने स्वतःहून त्याच्याकडे बोगदा काढते, हॉस्पिटल तिथे पाठवतं. कोणती लाइन चालू आहे याचं त्यांना सोयरसुतक नाही.

टीव्ही आणि बाकीच्यांनी सिमवर येऊ नये म्हणून त्यांच्या नियमात गेटवे फक्त फायबर ठेवला होता. तरी एका संध्याकाळी फायबर गेलं आणि दादाच्या क्रिकेटने दिवसाचा सगळा डेटा संपवला. दादाची चूक नव्हती. नियमात लिहिलेली लाइन मेली असेल तर पीएफसेन्स मूळच्या सेटिंगमध्ये तो नियम रद्द करत नाही, त्यातला गेटवे काढून टाकते आणि गाडी डिफॉल्ट वाटेने सोडून देते. सिस्टिम, ॲडव्हान्स्ड, मिसलेनियसमध्ये 'गेटवे डाउन असताना नियम वगळा' अशा अर्थाची एक चौकट आहे. ती टिक करून त्या नियमाखाली एक अडवणारा नियम घालावा लागतो. दोन्ही केलं, तेव्हा रात्रपाळीचा डेटा वहिनींसाठी राखला गेला.

तरीही मला माहीत आहे की हे सगळं कुठे अपुरं पडेल. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, बऱ्याच भागांत वीज बंद ठेवावी लागली. टॉवरलाही वीज लागते आणि त्याची बॅटरी काही तासांचीच. तशी वेळ आली तर वहिनी ड्यूटी आधीच दुसऱ्या डॉक्टरांकडे सोपवतील, हे आम्ही बोलून ठेवलंय. कोणाचा नंबर लावायचा ते दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात चिकटवलंय, अण्णांनासुद्धा वाचता येईल असं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चारला टेस्ट असते. हिरवा कनेक्टर आता वहिनीच काढतात. टोपण आधी हातात तयार ठेवतात, मग ओढतात, आणि मोठ्याने आकडे मोजतात. मी वर त्यांच्या मशीनसमोर बसून एखादं जुनं सीटी मागवतो. गेल्या वेळी चौदा मोजून झाले तेव्हा स्लाइस यायला लागले होते.

सिमचा रिचार्ज २८ दिवसांचा असतो, त्यामुळे तारीख दर वेळी मागे सरकते. एकदा संपून गेला होता आणि तो रविवारच्या टेस्टमध्येच लक्षात आला. तेव्हापासून वहिनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅसच्या नंबराखाली लाल पेनाने 'सिम' लिहितात. पुढचा येत्या गुरुवारी आहे.